पहिल्यांदाच अद्रकची बिअर करू राहिलो, ६० बाटल्या भरायला खरंच किती वेळ लागतो?

जुना_मोंढा_जालना:
राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं की उत्तरं बी अर्धवट येतात म्हणून सगळंच लिहू राहिलो. मे मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न आहे, हळदीच्या दिवशी मठ्ठा, रसना, लिंबू सरबत हे दरवेळचंच, म्हणून ह्या टायमाला घरची अद्रकची बिअर करायची डोक्यात आली. बिअर म्हणलं की आई दचकली, म्हणे लग्नघरात हे काय खूळ, तिला समजवून सांगितलं की नाव फक्त बिअर आहे, अद्रक साखर लिंबू पाणी आंबवायचं, फसफसणारा सोडाच म्हण. ती अजून बी शंकेनंच बघू राहिली ते सोडा.

तर अद्रकचं विरजण म्हणजे इंग्रजीत ज्याला जिंजर बग म्हणतात ते लावलंय, किसलेली अद्रक, साखर, पाणी, रोज दोन-दोन चमचे दोन्ही टाकायचं, आता चांगले बुडबुडे येऊ राहिले आन वास बी मस्त सुटलाय. माल करायचा आहे २० लिटर. पाण्याचा २० लिटरचा जार आहे त्याला तोटी बसवून घेतली. बाटल्या भंगारवाल्याकडून आणल्या, कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीवाल्या काचेच्या बऱ्याच, काही बिअरच्या मोठ्या, आन काही रमच्या चपट्या, दिसायला लई भारी आहेत म्हणून उचलल्या. बूच मारायचं हातमशीन ऑनलाइन मागवलं.

आता खरा प्रश्न. व्हिडिओत म्हणतात २० मिनिटात बॉटलिंग. एक दोस्त म्हणतो अख्खा दिवस जातो. हळद रविवारी संध्याकाळी, शनिवारी मला एमआयडीसीत तीनपर्यंत ड्युटी, सुट्टी मिळत नाही. शनिवारी रात्री भरून रविवारी वाटता येईल का? का आधीच भरून ठेवू? आन आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळं धुण्याचा बी हिशेब बघावा लागतो. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ मी बघितलेत.

कळंबचा_पाटील:
२० मिनिटात बाटली रिकामी होते भाऊ, भरत नाही 😄

औसा_ते_ऑस्टिन:
मी मूळचा औश्याचा, सध्या टेक्सासला. इथं घरी बिअर करायला मुभा आहे, १९७८ च्या कायद्यानं केंद्राची सूट मिळाली, एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. म्हणून माझा हात खऱ्या बिअरवर बसलाय, अद्रकवाली एक-दोनदाच केली, पण बाटल्या भरायचं काम जवळपास तेच.

माझी एक बॅच ५ गॅलनची, म्हणजे १९ लिटर, तुझ्याएवढीच. तळाचा गाळ सोडून ३५५ मिलीच्या ४८-५० बाटल्या निघतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं साडेतीन ते चार तास धरून चालावं. हात बसला आणि सोबत एक माणूस असला की दीड-दोन तासात आटोपतं. आता गंमत बघ, ह्यातला प्रत्यक्ष भरायचा वेळ अर्धा-पाऊण तासच असतो. नळीच्या टोकाला एक स्प्रिंगवाली दांडी मिळते, बाटलीच्या बुडाला टेकवली की धार चालू, उचलली की बंद, बाटली काठोकाठ भरून दांडी बाहेर काढली की वर आपोआप इंचभर जागा राहते. एका बाटलीला १५-२० सेकंद. बूच मारायला एकट्याला अजून वीसेक मिनिटं. व्हिडिओवाले हाच तुकडा दाखवतात म्हणून त्यांचे २० मिनिटं खोटे नाहीत, फक्त आधीचं आणि नंतरचं कापून टाकलेलं असतं. लेबलं भिजवून खरवडणं, आतून ब्रश मारणं, जंतू मारायच्या पाण्यातून काढणं, भांडी-नळ्या धुणं, फरशी पुसणं (फरशी चिकट होतीच होती, अंगणात कर), सगळा वेळ तिथं जातो. मी तर बाटल्यांचं काम आदल्या रात्रीच उरकून ठेवतो, भरायच्या दिवशी फक्त निर्जंतुक करायच्या.

पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट वेगळी आहे आणि ती वेळेपेक्षा मोठी आहे. बिअर मी बाटलीत घालतो तेव्हा तिचं आंबणं पूर्ण संपलेलं असतं, हायड्रोमीटरचं (द्रावात साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) रीडिंग सलग दोन-तीन दिवस हललं नाही म्हणजे संपलं. मग मी मोजून साखर घालतो, १९ लिटरला १२० ग्रॅमच्या आसपास, कपभर पाण्यात उकळून, गार करून, भरायच्या बादलीत आधी ती ओततो आणि वरून बिअर नळीनं हळू सोडतो, म्हणजे हवा न मिसळता सारखी पसरते. तेवढीच साखर खाऊन यीस्ट थांबतं, गॅस जेवढा पाहिजे तेवढाच बनतो, २०-२२ डिग्रीला दोन आठवडे लागतात आणि नंतर महिनाभर कपाटात ठेवली तरी काही होत नाही. अद्रकवालीत तू गोड पाणीच बाटलीत बंद करायलास. लिटरला १०० ग्रॅम साखर असंल तर गॅस करायला त्यातली १०-१२ ग्रॅमच लागते, बाकीची ९० ग्रॅम तशीच शिल्लक, आणि यीस्टला कोण सांगणार की बास कर म्हणून. थंड करणं हा एकच ब्रेक. तेव्हा बाटल्या किती वेळात भरतील ह्यापेक्षा भरल्यावर किती तासात त्या बर्फात जातील ते आधी ठरव.

जुना_मोंढा_जालना:
दादा हे कोणत्याच व्हिडिओत नीट सांगितलं नव्हतं. म्हणजे मी जर बुधवारी भरून लग्नाच्या गडबडीत कोपऱ्यात ठेवल्या तर?

औसा_ते_ऑस्टिन:
जालन्यात? मे मध्ये? नको. फुटतील. अमेरिकेत ह्याला सरळ बाटली-बॉम्ब म्हणतात. काचेचे तुकडे लांब उडतात, बाजूची बाटली फोडतात, मग तिच्या बाजूची.

वाळूज_बी_शिफ्ट:
मी वाळूजला एका ब्रुअरीत पॅकेजिंगला आहे, नाव सांगत नाही. घरी कधी काही केलं नाही, पण बाटल्या रोज बघतो म्हणून लिहितो.

पहिलं, त्या रमच्या चपट्या बाटल्या आत्ताच्या आत्ता परत भंगारात द्या. त्या दाबासाठी बनवलेल्याच नसतात, आत गॅसच नसतो तर कशाला जाड करतील. चपट्या, चौकोनी बाटलीला कोपऱ्यात जोर येतो आन तिथूनच जाते. मध, स्क्वॅश, केचपच्या बाटल्या बी तशाच बाद. चालतात त्या गोल बाटल्या, ज्यात कंपनीनं गॅसवालं पेय भरलेलं होतं. त्यात बी कोल्ड्रिंकची बाटली जास्त दाबाची, बिअरची त्याहून कमी, कारण बिअरमध्ये गॅसच कमी असतो. बाटल्या उजेडात धरून बघा, तोंडाला कपचा उडालाय का, बुडाला केसासारखी रेघ आहे का. आमच्याकडं परत आलेली बाटली धुतल्यावर मशीन तपासती, तुमच्याकडं डोळेच आहेत तर ते वापरा. तोंडाला कपचा असला तर बूच बसतच नाही, गॅस निघून जातो, म्हणजे मेहनत पाण्यात.

दुसरं, वेळेचं. कारखान्यात बी भरायचं मशीन हे हॉलमधलं सगळ्यात लहान मशीन आहे. बाटली धुवायचं मशीन आन पाश्चरायझर ही दोन धूडं अर्धा हॉल खातात. कॉस्टिकच्या गरम पाण्यात बाटली भिजत भिजत पुढं जाती, आन भरल्यावर ६० डिग्रीच्या बोगद्यातून जायला पाऊण-एक तास घेती. भरणं न बूच मारणं काही सेकंदाचं काम. म्हणजे जे औसेकर दादा सांगू राहिले तेच आमच्याकडं, फक्त आकडा मोठा.

आन एक ट्रिक. बूच मारायच्या आधी बाटलीला हलकासा धक्का दिला की फेस वर येतो, तो फेस तोंडापर्यंत आला की बूच मारायचं, आतली हवा बाहेर जाती. आमच्याकडं ह्यासाठी पाण्याची बारीक धार मारतात. अद्रकवालीला ह्याची तेवढी गरज नाही कारण आठवड्यात संपणार, बिअरला मात्र हवा म्हणजे विष, जुन्या पुठ्ठ्यासारखी चव येती.

पाण्यावरून आठवलं, २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू-बिअर कंपन्यांचं पाणी आधी ५० आन नंतर ६० टक्के कापलं होतं. तेव्हा कळलं सगळ्यांना की बिअर करायला लागतं त्याहून कितीतरी जास्त पाणी धुण्यात जातं. घरी बी तेच होणार तुमचं.

लातूरची_माई:
पाण्याचं मी सांगते. ज्या गावाला रेल्वेनं मिरजेहून पाणी आलं तिथली आहे मी, मला बाटल्या धुवायचं कौतुक सांगू नका 😀

दरसाल कैरीचं पन्हं आन कोकमचं सरबत बाटल्यात भरते, पाव्हण्या-रावळ्यांसाठी. वाहत्या नळाखाली ६० बाटल्या धुवायला बसलास तर अर्धं टिपाड जाईल. तीन बादल्या घे. पहिलीत गरम पाणी आन धुण्याचा सोडा, त्यात बाटल्या रातभर बुडवून ठेव, लेबलं आपोआप सुटून वर तरंगतेत, खरवडायची गरजच नाही. दुसऱ्या बादलीत ब्रश मारून खळबळायचं, तिसऱ्या बादलीत शेवटचं साधं पाणी. तिसरी गढूळ झाली की तीच दुसरी करायची, नवी तिसरी भरायची. निघालेलं सोड्याचं पाणी फरशीला वापर, झाडाला घालू नको. एवढ्या बाटल्यांना पाच-सहा बादल्यात भागतंय. नळाला पाणी यायच्या दिवशीच हे उरकून घे, बाटल्या उलट्या करून टोपल्यात सुती कपड्यावर ठेव, वरून दुसरा कपडा.

भरायच्या दिवशी काचेच्या बाटल्या मोठ्या भगुन्यात गार पाण्यात आडव्या ठेवून मग गॅस लावायचा, पाणी उकळलं की दहा मिनिटं. उकळत्या पाण्यात गार बाटली टाकशील तर तडकंल. आन उकळून काढलेल्या बाटलीत लगेच गार माल ओतायचा नाही, तेच होतंय. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र उकळू नको, वाकड्या होतेत. भगुन्यात एका वेळी १२-१५ बाटल्या मावतेत, म्हणजे चार-पाच घाणे, हे धर दीड तास नुसते. हे तुझ्या २० मिनिटात कोणी धरलं नसणार.

आजून एक, टँकरच्या न नळाच्या पाण्यात टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर असती, त्या वासाच्या पाण्यात विरजण मरतंय किंवा सुस्त पडतंय. पाणी उकळून उघडं गार होऊ दे, मग त्यात घाल. आन गार म्हणजे बोट घातलं तर कोमट बी लागू नये असं गार, नाहीतर इतक्या दिवसाचं विरजण एका मिनिटात शिजंल. २० लिटर पाणी मे महिन्यात आपोआप गार व्हायला रात्र जाती बाळा. सकाळी उकळून दुपारी भरतो म्हणशील तर होणार नाही. त्यापेक्षा ५-६ लिटर पाण्यातच अद्रक साखर उकळ, कडक काढा कर, आन आदल्या दिवशी उकळून गार केलेलं बाकीचं पाणी त्यात मिसळ. तासाभरात काम होतंय.

जुना_मोंढा_जालना:
माई हे सोनं आहे. काढ्याची आयडिया तर एकदम भारी, मी २० लिटर उकळायला बंबच शोधू राहिलो होतो. अद्रक कन्नडहून येणार, आत्याचं वावर आहे तिकडं, त्याची काळजी नाही.

वकील_पण_साधा:
मध्येच येतो, माफ करा. पण कुणीतरी हे लिहायला पाहिजे. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि लायसनशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं असो की विकायला. अमेरिकेतली सूट इकडं नाही. म्हणून कुणी हा धागा वाचून माल्ट-हॉप्स मागवून खरी बिअर घरी लावू नका. अद्रकवालीचं म्हणाल तर अन्नसुरक्षेच्या नियमात अर्धा टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलं की ते मद्यपेय धरतात. आता ती अर्ध्या टक्क्याच्या आत राहते का हे केमिस्ट्रीवाल्यांनी सांगावं, माझा विषय नाही.

गणित_परभणी:
केमिस्ट्री शिकवतो, म्हणून करतो हिशेब. साखर आंबली की गॅस आणि अल्कोहोल सोबतच बनतात, जवळपास सारख्या वजनाचे. ढोबळ मानानं लिटरमधली १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल. आणि लिटरमधली ४ ग्रॅम साखर आंबली की गॅसचं एक ‘व्हॉल्यूम’, म्हणजे लिटरभर पेयात लिटरभर गॅस विरघळलेला. बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम असतात, कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन ते चार. उन्हाळ्यात द्रावात आधीपासून अर्ध्या-पाऊण व्हॉल्यूमच्या आसपास गॅस असतोच. तर कोल्ड्रिंकसारखी खणखणीत फसफस पाहिजे असंल तर ११-१२ ग्रॅम साखर बाटलीत आंबावी लागते, म्हणजे अल्कोहोल ०.६५-०.७ टक्के. अर्ध्याच्या वर गेलं. शिवाय बाटलीत भरायच्या आधी जारमध्ये जेवढं आंबलं ते वेगळं. मंद फसफस, दोनच व्हॉल्यूमवर थांबवली तर ०.३ च्या आसपास. नशा ह्यातल्या कशानं बी होणार नाही, पण हळदीला लेकरं असणार, एखादी बाळंतीण, गरोदर बाई असणार, त्यांना काय पाजायलो ते माहीत पाहिजे.

आणि पुढं विसरून राहिली आणि १०० ग्रॅम साखर सगळीच आंबली तर हिशेबानं ६ टक्क्याच्या आसपास जाते. अर्थात तिथवर जायच्या लई आधी बाटली फुटलेली असते. दाबाचं सांगतो, बंद बाटलीतला जो दाब २० डिग्रीला असतो तो ४० डिग्रीला जवळपास दुप्पट होतो, गॅस तेवढाच असला तरी. कोल्ड्रिंकएवढा गॅस असलेली बाटली ४० डिग्रीला कारच्या टायरच्या दुपटीपेक्षा जास्त दाबावर बसलेली असते. आणि तुमच्याकडं गॅस तेवढाच राहत नाही, तासातासाला वाढायलाय.

कळंबचा_पाटील:
सर कॉलेजला असं शिकवलं असतं तर आम्ही पास झालो असतो

गोटीसोडा_मामा:
लेकराहो, मी परभणीला सोडा भरतो, वडलाची फॅक्टरी, फॅक्टरी कसली, दोन खोल्या. गोटीच्या बाटलीचा शोध एका कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ ला लावलाय, आन अजून बी आमच्याकडं त्याच पद्धतीनं चालतंय. बाटली उलटी करून गॅस मारायचा, गोटी आतल्या दाबानं रबराला चिकटून बसती, बूच लागतच नाही. काच एवढी जाड की हातातून पडली तरी एखाद्या वेळी वाचती. तरी बी उन्हाळ्यात आम्ही भरलेल्या कॅरेटवर ओलं बारदान टाकतो आन उन्हात एक मिनिट ठेवत नाही. तुमच्या भंगारातल्या बाटल्या किती वेळा भरल्या-धुतल्या गेल्यात कुणाला माहीत. काच म्हातारी होती, आतून बाहेरून घासून घासून.

माझं ऐकायचं तर काच सोडूनच द्या पहिल्या खेपेला. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, पाण्याच्या पातळ बाटल्या नको, सोडा-कोल्ड्रिंकच्याच. त्या दाबाला काचेपेक्षा बऱ्या आन गेल्याच तर तुकडे नाहीत. वर बोटानं दाबून बघता येतंय आत काय चाललंय ते. दुकानातून आणलेल्या बंद बाटलीएवढी टणक लागली की थेट बर्फात. बुचाची मशीन वाया गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पुढं कामाला येईल. काचेत भरायच्याच असल्या तर निदान दोन-तीन प्लास्टिकच्या सोबत त्याच मालाच्या भरून ठेवा, त्या टणक झाल्या म्हणजे काचेच्या बी झाल्या.

आन पाव्हण्यांचं म्हणाल तर ते एवढं आंबवायचं झेंगट कशाला? अद्रक-लिंबू-गुळाचा कडक पाक करून आणा, बाटलीत बोटभर पाक आन वरून माझा सोडा. अशा शंभर बाटल्या माझा पोरगा सिलेंडरवर तासाभरात भरून देतो. थेंबभर बी दारू नाही, गॅस मोजून, आन चार दिवस ठेवलं तरी गॅस वाढत नाही. जालना काय लांब नाही, सकाळच्या गाडीनं कॅरेट चढवून देतो. धंद्याची जाहिरात म्हणू नका, विचारलं म्हणून सांगायलो.

लातूरची_माई:
विचारलं नव्हतं कुणी मामा 😂 पण बोललात खरं.

जुना_मोंढा_जालना:
मामा पाकाचं घरात सांगितलं तर आई पहिल्यांदा हसली. तर असं ठरू राहिलं की हळदीला सगळ्यांसाठी पाक आन सोडा, मामाकडूनच. आन आंबवलेली ५ लिटरच करतो, माझ्या न दोस्तांच्या हौसेपुरती, प्लास्टिकच्या बाटलीत, जास्त फसफस न होऊ देता. इतकं विरजण पोसलंय ते फेकून द्यायला जीव होत नाही. आता ५ लिटरचा टाइमटेबल कुणी सांगेल का, शनिवारची तीनपर्यंतची ड्युटी धरून?

औसा_ते_ऑस्टिन:
५ लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या, खेळ आहे. गुरुवारी बाटल्या आणि झाकणं धुऊन वाळव. झाकणाच्या आतली चकती शाबूत बघ, फाटलेली असंल तर गॅस धरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी काढा कर, लिटरभर पाण्यात, बाकी उकळून गार केलेलं पाणी मिसळलं की लगेच भरता येतंय. लिंबू गार झाल्यावर पिळ. विरजण गाळून, लिटरला पाव कप धर. नरसाळं आणि गाळणी लावून दहा बाटल्या भरायला पंधरा मिनिटं, धुणं-पुसणं धरून सगळा मामला दीड तासाचा. वर दोन बोटं जागा सोड.

शनिवारी सकाळी ड्युटीला जायच्या आधी एक दाबून बघ. मे महिन्यात रात्रभरात बी टणक होऊ शकतात, २० डिग्रीच्या पुस्तकी हिशेबानं दोन-तीन दिवस लागतात पण तुमच्याकडं २० डिग्री जानेवारीत असते. टणक व्हायला लागल्या असतील तर जाताना फ्रीजमध्ये टाकून जा, नसतील तर घरी कुणालातरी दुपारी बारा-एकला बघायला सांग. तू तीनला सुटून घरी येईपर्यंत वाट बघायची नाही. फ्रीजमध्ये बी आंबणं थांबत नाही, मंदावतं फक्त, म्हणून आठवड्यात संपवायची. आणि उघडायच्या आधी नीट गार झालेली पाहिजे, कमीत कमी सात-आठ तास, नाहीतर अर्धी बाटली छताला.

जुना_मोंढा_जालना:
दुपारी बघायला आजोबाला बसवतो, त्यांना तेवढंच काम. फ्रीजमध्ये दहा बाटल्याला जागा आई देते का नाही तो वेगळा प्रश्न, तिथं आत्तापासूनच लग्नाचं खवा-पनीर येऊन पडणार.

वाळूज_बी_शिफ्ट:
मोठं भगुनं नाहीतर प्लास्टिकचं टिपाड घ्या, बर्फाची अर्धी लादी फोडून टाका, पाणी आन दोन मुठी जाडं मीठ. निव्वळ बर्फापेक्षा बर्फाच्या पाण्यात बाटली लवकर गार होती, सगळीकडून चिकटतं ना पाणी. अर्ध्या-पाऊण तासात फ्रीजच्या काही तासांचं काम होतं. पण मग टिपाड सावलीत ठेवा आन बर्फ संपत आला की नवीन टाका, गरम होऊ दिलं की परत आंबायला सुरुवात.

गोटीसोडा_मामा:
बर्फाच्या लादीला मे मध्ये आधीच सांगून ठेवा, लग्नसराईत ऐन वेळेला मिळत नाही. आन पाक किती लिटरचा करणार ते आठ दिवस आधी कळवा, बाटल्या मोकळ्या ठेवाव्या लागतेत, ह्या सीझनला कॅरेट फिरून येत नाहीत लवकर. पाकात बडीशेप टाकू नका, गाळलं तरी कण राहतेत आन गोटीच्या रबरात अडकतेत.

लातूरची_माई:
थोडं काळं मीठ टाक पाकात. आन गूळ अर्धा, साखर अर्धी, नुसत्या गुळानं रंग काळपट येतोय आन पाव्हणे विचारत बसतेत हे काय म्हणून.